बाईची कंबर आणि ‘पुरुषांचा आजार’

राधानगरीच्या पावसात रोप लावणीला वाकलेली बाई कंबर दुखते म्हणाली, तर कुणी दचकत नाही. त्यातून बाळंतपण झालेले असेल, तर कारण घरबसल्या मिळते. माझ्या मावसबहिणीला ते कारण सहा वर्षे पुरले. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची, उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी. धुणीभांडी उरकली की मोकळी व्हायची. म्हणून सासरी म्हणायचे, सोंग करते. एका डॉक्टरांनीही सांगितले, “हा आजार पोरांना होतो, बायकांना नाही.”

आजार होता अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. पूर्वी दहा पुरुषांमागे एक बाई असे प्रमाण सांगत. आता दोन-तीन पुरुषांमागे एक बाई मानतात. आणि एक्स-रेत बदल दिसण्याआधीचे रुग्ण धरले, तर दोघे जवळजवळ बरोबरीने निघतात. बायकांमध्ये आजार वाढला असे नव्हे, मोजणी सुधारली. बाईच्या मणक्यात एक्स-रेवर दिसणारे बदल सहसा कमी व उशिरा होतात. दुखणे मात्र कमी नसते. निदान व्हायला तिला पुरुषापेक्षा जास्त वर्षे लागतात.

पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्या-स्नायूंच्या तक्रारी निघाल्या. त्यांत हा आजार हजारी एखादाच, तेव्हा प्रत्येक कंबरदुखीला घाबरू नये. पण घरी जाऊन विचारले म्हणून कळले. दवाखान्यात जाण्यासाठी मजुरी बुडवावी लागणारी बाई दवाखान्याच्या आकड्यात कशी येणार?

दुखणे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झाले, तीन महिन्यांहून जास्त टिकले, विश्रांतीने नव्हे तर हालचालीने कमी होत असेल, किंवा डोळा वरचेवर लाल होऊन दुखत असेल, तर मेडिकलमधून गोळ्या आणून भागवू नका. ग्रामीण रुग्णालयातून कोल्हापूरच्या सीपीआरला चिठ्ठी मागा. एक्स-रे चांगला आला तरी माकडहाडाजवळच्या सांध्याच्या एमआरआयबद्दल विचारा. ‘एचएलए-बी२७’ ही रक्ततपासणी एकटी पुरत नाही. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

औषधाइतकाच रोजचा व्यायाम लागतो. बहिणीला त्यासाठी सकाळी अर्धा तास हवा असतो. चूल तोवर नवऱ्याने पेटवायची, हे घरात ठरायलाच दोन महिने गेले.