फडातले पाहुणे आणि आपली काडी



शेतकी खात्याच्या माणसाने या पानावर लिहायचे म्हणजे लागण, खोडवा, बेणेमळा आणि तोडणी कार्यक्रम, याबाहेरचे काही असेल अशी कोणाची अपेक्षा नसते. आज मात्र विषय पाखरांचा आहे. ‘साहेबांना आता हे काय सुचलं?’ असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय तुमच्या फडाचाच आहे.

माघ संपत आला की उजनीच्या फुगवट्यावरची गर्दी हळूहळू पांगू लागते. हिवाळ्यात आलेले पट्टकदंब हंस, ज्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात ते, थव्याथव्याने उत्तरेची वाट धरतात. हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर ते अंडी घालतात. वाटेत सात हजार मीटरच्या वरून उडाल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी घेतल्या आहेत. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच पाण्यावर आपला ऊस वाढला, आणि त्याच पाण्यावर ही पाखरे उतरू लागली. म्हणजे एका पाण्याचे आपण दोघेही लाभधारक आहोत.

हंस मोठा, म्हणून नजरेत भरतो. माझे म्हणणे आहे ते लहान पाखरांबद्दल. पाणी देताना सरीतून शेपटी हलवत पळणारा धोबी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीसारखा उजळू लागतो आणि पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होतो. ही त्यांची गावी जाण्याची तयारी. तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्यांचेही तेच. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि जायचे हिमालयाकडे नि त्याच्याही पलीकडे मध्य आशियात. त्यासाठी निघण्यापूर्वी किडे खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. दिवसभर ही पाखरे आपल्या रानातले माशा, चिलटे, किडे टिपतात. पण रात्री जातात कुठे?

उत्तर सोपे आहे, तरी पुष्कळांच्या लक्षात आलेले नसते. ती आपल्या उसात झोपतात. नदीकाठचे लव्हाळे आणि उभ्या उसाचा दाट फड हे धोब्यांचे आणि भिंगऱ्यांचे रात्रीच्या मुक्कामाचे आवडते ठिकाण. दिवस मावळताना फुगवट्याजवळच्या एखाद्या प्लॉटच्या बांधावर दहा मिनिटे उभे राहून पाहा. चारी दिशांनी थवे येतात, फडावर दोन-चार घिरट्या घालतात आणि पाऊस पडावा तसे एकदम पाचटात उतरतात. थोडा वेळ चिवचिवाट, मग सगळे शांत. आपला फड ही त्यांची धर्मशाळा आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या हंगामाच्या अखेरीस एका प्लॉटची तोड लांबली होती. उसाला तुरा येऊन गेलेला, वजन घटत चाललेले, टोळ्या कमी पडलेल्या. मुकादम म्हणाला, ‘पेटवून द्या, उद्या टोळी घालतो.’ वारा पडल्यावर, म्हणजे दिवस मावळल्यावर, काडी लावली गेली. मी पोचलो तेव्हा मधला भाग पेटलेला होता. धुरातून पाखरे वर येत होती, उजेडाने बावरून तिथेच फिरत होती आणि परत खाली जात होती. सकाळी फडात राखेत हाताला लागले ते धोबी होते, पिवळे झालेले. ऊस वजनकाट्यावर गेला, नियमाप्रमाणे कपात झाली, ‘जळीत’ असा शेरा मी स्वतः मारला. पाखरांसाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

यात त्या सभासदाला दोष देऊन मी मोकळा होऊ इच्छित नाही. तोडीची तारीख आम्हीच दिली होती आणि ती आम्हालाच पाळता आली नाही. सोळा-सतरा महिने सांभाळलेला ऊस डोळ्यांदेखत हलका होत असताना माणसाचा धीर सुटतो. परंतु ऊस पेटवून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? वजन घटते, रस लवकर बिघडतो, बिलात कपात होते, जनावरांचे वाढे जाते, ठिबकच्या नळ्या वितळतात आणि शेजाऱ्याच्या फडाला धोका होतो तो वेगळाच. वाचते ते फक्त तोडणाऱ्याचे श्रम. कोयत्याने दिवसा तोडलेल्या फडातले पाखरू संध्याकाळी शेजारच्या फडात मुक्कामाला जाते, रात्रीच्या आगीतले कुठेच जात नाही.

पाचटाचेही तसेच. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत ठेवून कुजवले तर जमिनीला तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब आणि चाळीस-पन्नास किलो नत्र मिळते. एके काळी ‘पाचट पेटवा, रान स्वच्छ होतं’ हे आम्हीच बांधावर उभे राहून सांगत होतो. ती आमची चूक होती, हे इथे लिहून ठेवतो.

कोणी म्हणेल, ‘भोरड्या आमची ज्वारी खातात, त्यांचं काय?’ खातात, हे खरे आहे. हुरड्याच्या दिवसांत राखण करावीच लागते. पण ज्वारी निघाल्यावर याच भोरड्या पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर आणि टोळ-नाकतोड्यांवर जगतात. आणि भोरडीचा राग धोब्यावर काढण्यात काही अर्थ नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत नदीकाठच्या व फुगवट्याजवळच्या प्लॉटचा तोडणी कार्यक्रम आम्ही काटेकोर पाळला पाहिजे. ती जबाबदारी शेतकी खात्याची, आणि त्याचा जाब सभासदांनी आम्हाला जरूर विचारावा. जो मुकादम ‘पेटवा’ म्हणेल त्याचे नाव त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे. आणि कितीही उशीर झाला तरी सभासदाने स्वतःच्या हाताने काडी लावू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. पाखरे येतात तेव्हाचा हा सप्ताह, फार चांगला. पण तेव्हा आपले गाळप नुकते सुरू झालेले असते. ती जातात तेव्हा मात्र गाळप संपवण्याची घाई असते आणि आपले लक्ष नसते. पाहुण्याला येताना ओवाळायचे आणि जाताना त्याच्या अंथरुणाला आग लावायची, ही आपल्याकडची रीत नव्हे.

आपल्या प्लॉटवर शेवटचा धोबी कोणत्या तारखेला दिसला, तेवढे या वर्षी गट कार्यालयात सांगा. नोंदवहीत रकाना मी आखून ठेवला आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी