लग्न खरं असेल, तर कागदही खराच करा

आपल्या जिल्ह्यातली पोरं आता पुणे-हैदराबादवर थांबत नाहीत. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, कुठंही विचारा, कोणाचा ना कोणाचा लेक अमेरिकेत, कॅनडात नाहीतर इंग्लंडात आहेच. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याचं लग्न जमलं की बैठकीत कोणीतरी हमखास सल्ला देतो, "आधी रजिस्ट्रेशन करून टाका, पोरीचा व्हिसा लावून द्या, लग्नाचं डिसेंबरात पाहू."

मंडळी, हा सल्ला घातक आहे.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावरच बोट ठेवलं. दोन वैमानिकांचं प्रकरण होतं. एका खाजगी संस्थेच्या प्रमाणपत्रावर लग्नाची नोंदणी झालेली, प्रत्यक्ष विधी मात्र झालेच नव्हते. पुढं नातं बिनसलं. न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या पीठानं सांगितलं की हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीनं लग्न होत नाही. परदेशी जायचा वेळ वाचावा म्हणून आईवडील अशा नोंदणीला तयार होतात, हेही न्यायालयानं त्यात नमूद केलं. म्हणजे हा आजार आपल्याच गावचा नाही, देशभराचा आहे.

आता विचार करा. फॉर्मवर लग्नाची तारीख जूनची आणि पत्रिकेवर डिसेंबरची. व्हिसा अधिकाऱ्यानं विचारलं, "लग्न नेमकं कधी झालं?" तर पोरगी काय सांगणार? खरं लग्न असूनही ती खोट्यात सापडते. आणि मधेच सोयरीक मोडली तर कागदावर ती लग्नाची, घरात बिनलग्नाची. कोर्टाच्या चकरा तिच्याच बापाला.

घाईच असेल तर सरळ रस्ता आहे. विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यायची, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ते लग्न तिथंच पूर्ण होतं, विधींची गरज नाही. मांडव नंतर टाका, कोणी अडवत नाही. पण तारीख एकच सांगा, कागदावरची. धार्मिक पद्धतीनं केलं असेल तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत नोंद करा, गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगर परिषदेत. पत्रिका, लग्न लावणाऱ्याची सही, साक्षीदार, सगळं तेव्हा हाताशी असतं. पाच वर्षांनी शोधत बसलं तर भटजीही सापडत नाही.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडं लग्नात पोरीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतात. मग टीसीवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. परदेशातल्या अधिकाऱ्याला या तीन बाया वाटतात. नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर राजपत्रात छापा आणि सगळीकडं एकच ठेवा.

बाकी पुरावा म्हणजे काय? फोटो, तिकिटं, फोन-मेसेज, पैशाचे व्यवहार, लग्नाला कोण कोण होतं. इथं मात्र माझी त्या लोकांबद्दलही तक्रार आहे. चहा-पोह्यांच्या एका भेटीत जमलेलं लग्न त्यांना संशयास्पद वाटतं. इंग्लंडमध्ये 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम होता. लग्न मुख्यतः तिथं राहायला मिळावं म्हणून केलेलं नाही, हे जोडप्यानं सिद्ध करायचं. आपल्या उपखंडातल्या ठरवून केलेल्या लग्नांना त्याचा मोठा फटका बसला. १९९७ मध्ये तो रद्द झाला. त्याआधी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली होती! पुरावा मागायलाही मर्यादा असावी लागते.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न आणखी वेगळा. कर्ज काढून लग्नं करू नका, सामूहिक विवाहात लावा, असं आपणच शेतकऱ्यांना सांगतो, आणि बरोबरच सांगतो. पण साध्या लग्नाचा अल्बम नसतो, हॉलची पावती नसते. अशा जोडप्याजवळ नोंदणीचा कागद हाच मोठा आधार. म्हणून माझी मागणी आहे की जिल्ह्यातल्या प्रत्येक सामूहिक सोहळ्यात नोंदणीचं टेबल मांडवातच लागावं. प्रमाणपत्र हातात देऊनच वऱ्हाड परत जावं.

आणि शेवटचं, पोरीच्या बापांसाठी. व्हिसा अधिकारी तुमच्या पोरीला शंभर प्रश्न विचारतो. तुम्ही जावयाला किती विचारता? पगार, गाडी, घर. त्याचा व्हिसा कोणता, आधी लग्न झालं होतं का, तिथला पत्ता खरा का, हे विचारायला आपल्याला लाज वाटते. परदेशी नवऱ्यानं सोडून दिलेल्या बायकांचा प्रश्न एवढा मोठा आहे, की अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आलं. विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं.

तो कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, नोकरीचं पत्र मागा. खरा माणूस रागावणार नाही. रागावलाच, तर साक्षगंधाची तारीख काढायच्या आधी दोनदा विचार करा.

ज्यांच्या घरी अशी सोयरीक जमली आहे, त्यांच्यापर्यंत हे नक्की पोचवा.