पॅचला धनी कोण?

१४ जून २०२२ रोजी ठाणे पोलिसांचं संकेतस्थळ उघडणाऱ्यांना तिथे 'वन हॅट सायबर टीम' नावाच्या गटाचा मजकूर दिसला. जगभरच्या मुस्लिमांची माफी मागा, अशी ताकीद त्यात भारत सरकारला दिली होती. त्याच लाटेत राज्यातली ७०हून अधिक संकेतस्थळं फोडली गेल्याचं सायबर पोलिसांनी सांगितलं. राग राजकीय होता. पण नुसत्या रागानं संकेतस्थळ फुटत नाही. कच्चा पासवर्ड, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, अशी काहीतरी फट आधी असावी लागते.

त्यातही जुनी आवृत्ती ही सर्वांत लाजिरवाणी फट, कारण तिची दुरुस्ती बहुधा तयार असते, तीही फुकट. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या सॉफ्टवेअरवर शाळांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत कितीतरी संकेतस्थळं चालतात. दोष सापडला की निर्माते त्याची दुरुस्ती, म्हणजे पॅच, जाहीर करतात, आणि तो वाचून भोक नेमकं कुठे आहे हे चोरालाही कळतं. १५ ऑक्टोबर २०१४ला ड्रुपलचा असाच पॅच आला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलवाल्यांनीच बजावलं: सात तासांत पॅच लावला नसेल, तर संकेतस्थळ फुटलं असंच धरून चाला. सात तास म्हणजे पहाटेचे साडेचार. डोंबिवलीकर तेव्हा फार तर लोकल गाठायला उठलेला असतो!

पॅच राहून जातो तो केवळ आळसानं नव्हे. अपडेट मारलं की एखादं जुनं प्लगइन रुसेल आणि कर भरण्याचं पान कोरं दिसेल, ही भीती खरी असते. म्हणून 'चालतंय ना, मग हात लावू नका' हेच धोरण होऊन बसतं. वास्तविक आधी बॅकअप घ्यावा, चाचणीच्या प्रतीवर पॅच लावून पाहावा, मग चालू संकेतस्थळाला हात घालावा. त्यासाठी माणूस हवा आणि माणसाला पैसे. नालेसफाई रखडली तर निदान पावसाळ्याआधी ओरड होते. या सफाईबद्दल नगरसेवकही विचारत नाही.

राज्यातल्या पालिकांनी ई-गव्हर्नन्सचा कित्ता गिरवला तो कल्याण-डोंबिवली महापालिकेचा. पुढचा कित्ताही तिनंच घालून द्यावा. आवृत्ती कोणत्या वारी तपासायची, गंभीर पॅच किती तासांत लावायचा आणि जबाबदार अधिकारी कोण, हे देखभालीच्या करारातच लिहावं. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचं बंधन केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२मध्ये घातलंच आहे. कळवण्याला मुदत असेल, तर पॅच लावण्यालाही हवी. ठाण्यासह इतर पालिकांनी एक चौकशी आजच करावी: आपलं एखादं संकेतस्थळ ड्रुपल ७वर तर नाही? ५ जानेवारी २०२५पासून त्याला मूळ प्रकल्पाकडून पॅच येणंच बंद झालं आहे.