कुपनांवर अंकुश

परवा एका शॉपिंग अ‍ॅपने माझं अभिनंदन केलं. स्क्रीनवर रंगीत फुगे उडाले आणि खाली झळकलं, ‘या वर्षात तुम्ही तब्बल ११,४८० रुपये वाचवलेत!’ जाम भारी वाटलं. त्याच आनंदात बँकेचं अ‍ॅप उघडलं. शिल्लक २,३१६ रुपये. आता मला सांगा, वाचवलेले ११,४८० गेले कुठे?

तुमच्यापैकी निम्म्यांना हा प्रश्न कधीतरी पडला असेल. उरलेल्या निम्म्यांनी तो पडू दिला नसेल, एवढंच! कारण कुपनं जमवणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. लंच टाइमला डबा उघडायच्या आधी ‘अरे, तो कोड चालतोय का बघ ना’ सुरू होतं. माझी रूममेट आयटीत. तिच्याकडे कंपनीचं मील कार्ड, दोन बँकांची क्रेडिट कार्डं आणि कॅशबॅकची तीन अ‍ॅप्स. मी फ्रीलान्सर. म्हणजे लेख आज छापून येतो आणि पैसे, संपादकांना आठवण झाली की! त्यामुळे काटकसर ही माझी हौस नाही, गरज आहे. मास कॉमची डिग्री एका कोपऱ्यात ठेवून मी कुपनांमध्ये पीएचडी केली.

फंडा तसा सोपा आहे. एका खरेदीवर एकापेक्षा जास्त सवलती लावायच्या. समजा, छापील एमआरपीप्रमाणे तुमचं बिल १,५०० रुपयांचं आहे. दुकानाची १० टक्के सूट, उरले १,३५०. ‘९९९च्या वर १०० रुपये सूट’ हे कूपन टाकलं, १,२५०. मग बँकेच्या कार्डावर १० टक्के, पण जास्तीत जास्त १००. म्हणजे १२५ मिळायला हवेत तिथे १००च मिळतात. राहिले १,१५०. आणि कॅशबॅकच्या अ‍ॅपमधून गेलात तर २ टक्के, म्हणजे २३ रुपये मागाहून. थोडक्यात, १,५००चा माल १,१२७ला. जवळजवळ २५ टक्के वाचले. सही ना?

यात दोन बारीक गोष्टी. एक, सवलतींची बेरीज होत नाही. २० टक्क्यांवर १० टक्के म्हणजे ३० नव्हे, २८. कारण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते. दोन, ‘फ्लॅट’ आणि ‘अप टु’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘अप टु ६० टक्के’ म्हणजे साठ टक्केवाली वस्तू बहुधा तुम्हाला नको असलेलीच असते.

हा सगळा खेळ जुनाच आहे. १८८०च्या दशकात अमेरिकेत कोका-कोलाने ‘एक ग्लास फुकट’ची कुपनं वाटली आणि लोकांना चटक लागली. तिकडे कंपनीचं कूपन वेगळं आणि दुकानाचं वेगळं, आणि दोन्ही एकाच वस्तूवर चालतात. आपल्याकडे कंपनी कूपन क्वचितच देते, ती पाकिटावरच ‘२० टक्के जास्त’ छापून मोकळी होते. मी शाळेत असताना २६ जानेवारी २००६ला बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ काढला. गर्दी एवढी झाली की काही दुकानांची शटर्स लवकर खाली ओढावी लागली. बिग बझारची दुकानं २०२२मध्ये बंद झाली. त्याउलट २००२मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या डीमार्टने कुपनांच्या नादी न लागता ‘रोजच स्वस्त’चा मार्ग धरला आणि आजही तिथे रविवारी ट्रॉली मिळत नाही. यातून काय शिकायचं ते शिका. मी मात्र काहीच शिकले नव्हते.

गेल्या मार्चमध्ये बाबांचा फोन आला. आमचं गाव अंकुशनगर, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात. समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. थोडी शेती आहे, त्यात ऊस. बाबा म्हणाले, “मोटर जळाली गं विहिरीवरची. भरून आणायला अन् केबलला मिळून आठ हजार लागतील. महिन्याभरात परत देतो.” माझ्या बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा पैसे मागितले होते. ‘परत देतो’ असंही म्हणाले होते. मी म्हटलं, “बाबा, पेमेंट अडकलंय हो.”

पेमेंट अडकलं नव्हतं. आलं होतं आणि क्रेडिट कार्डाच्या बिलात गेलं होतं. बाथरूमच्या फळीवर त्या दिवशी सात शाम्पू, चार फेसवॉश आणि अकरा टूथपेस्ट होत्या. सगळ्या अर्ध्या किमतीत घेतलेल्या. पण टूथपेस्ट देऊन मोटर भरून मिळत नाही.

उन्हाळ्यात उसाला पाणी नाही म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. तीन दिवसांनी आईचा फोन आला, “मोटर चालू झाली. तू टेन्शन घेऊ नको.” पैसे कुठून आले हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दिवाळीला घरी गेले ती दोन मोठ्या पिशव्या भरून. शाम्पू, साबण, मॉइश्चरायझर, सगळं. आईने एकेक वस्तू बाहेर काढली आणि म्हणाली, “एवढं कामून आणलं गं? आपल्या घरात डोकी किती?” मी सवलतींचं गणित सांगायला लागले. ती ऐकत होती. मग उठली आणि तिची वही घेऊन आली.

मंडळी, त्या वहीपुढे माझी पीएचडी रद्द!

आईकडे अ‍ॅप नाही, पण तिच्याइतक्या सवलती एकावर एक कोणी चढवत नसेल. पहिली, साखर. सहकारी साखर कारखान्यांत सभासद शेतकऱ्यांना दिवाळीच्या सुमारास सवलतीच्या दराने साखर देण्याची जुनी पद्धत आहे. किती किलो ते ठरलेलं असतं आणि कार्डावर नोंद होते. त्या कार्डाला आई ‘कूपन’च म्हणते. दुसरी, तूर. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर बाजारात आली की जालन्याच्या मोंढ्यातून वर्षाची तूर येते आणि डाळ घरी करायची. तिसरी, तेल. पंधरा किलोचा डबा तीन घरांत मिळून. चौथी, किराणावाला. यादी एकदम द्यायची, पैसे रोख, आणि मग भाव बोलायचा.

‘हे गावात ठीक आहे, शहरात कुठे जमतं?’ असं म्हणू नका. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून हेच करते आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि माल घाऊक आणून वाटून घ्यायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार जणींना तांदळाची एक गोणी वाटून घ्यायला काय हरकत आहे?

आणि सवलत म्हणजे आकाशातून पडलेला पैसा नव्हे, हेही त्या साखरेवरून कळतं. आयकर खात्याने प्रश्न विचारला होता की बाजारभाव आणि सवलतीचा भाव यांतला फरक म्हणजे कारखान्याने सभासदांना वाटलेला नफाच नाही का? कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१२मध्ये कोर्टाने तो पुन्हा तपासायला खाली पाठवला. म्हणजे दिवाळीच्या करंजीतल्या साखरेचाही कुणीतरी हिशेब मांडतंच! तुमच्या ‘फ्री’ डिलिव्हरीचाही कुणीतरी मांडलेला असतोच.

पण वहीतली खरी गंमत शेवटच्या रकान्यात होती. प्रत्येक खरेदीपुढे आईने ‘उरले’ असं लिहून आकडा टाकला होता. तेलात ९०. साखरेत २४०. आणि तेवढे पैसे त्याच दिवशी स्टीलच्या डब्यात. दर वेळी. वर्षानुवर्षं. मार्चमध्ये मोटर त्या डब्यातून भरून आली होती.

मी खरं काय ते सांगून टाकलं. पेमेंट अडकलं नव्हतं म्हणून. आई एवढंच म्हणाली, “ते कळलं होतं मला. तुझ्या बाबाला नको सांगू.” आणि करंज्या तळायला गेली.

तेव्हापासून माझा नवा फंडा. कूपन सोडलेलं नाही, बरं का! फक्त काही नियम लावून घेतलेत.

१. आधी यादी, मग कूपन. यादी ८२० रुपयांची असताना ९९९ गाठायला मी १८० रुपयांचं हेअर सीरम टाकायचे. हजारातून १०० वजा, ९०० भरले. म्हणजे १०० ‘वाचवायला’ ८० जास्त दिले!

२. एमआरपीशेजारचा बारीक आकडा वाचा. पाकिटावर आता ग्रॅमचा, किलोचा किंवा मिलीचा दरही छापतात. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं.

३. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार असेल तरच कार्डाची ऑफर. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागले तरी वर्षाचे ४२ होतात. मग १० टक्के सुटीचं काय घेऊन बसलात?

४. ‘फक्त ५ मिनिटं उरली’ वाचून घाबरू नका. खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर गुपचूप चार्ज लावणं, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अनुचित ठरवलेल्या १३ क्लृप्त्यांमध्ये मोडतं. तक्रारीसाठी १९१५ नंबर आहे. फिरवा की!

५. सगळ्यात महत्त्वाचं. बिलावर ‘तुम्ही वाचवले’ असा जो आकडा दिसतो, तेवढे पैसे त्याच मिनिटाला दुसऱ्या खात्यात टाका. टाकता येत नसतील, तर तुम्ही वाचवलेले नाहीत. तुम्ही फक्त कमी उधळलेत.

माझ्या त्या दुसऱ्या खात्यात सध्या १,९४० रुपये आहेत. रूममेट हसते. हसू दे! हे पैसे निदान दिसतात तरी. आठ हजार झाले की मी बाबांना फोन करणार आहे. मोटर ठीक चाललीये, माहितीये मला. तरीही विचारणार, “बाबा, काही लागतंय का?”

आमच्या गावाच्या नावातच अंकुश आहे. माझ्या खर्चात तो यायला २८ वर्षं लागली, एवढंच. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणाला टूथपेस्ट हवी असेल तर सांगा. अजून सहा शिल्लक आहेत.

हॅपी शॉपिंग!