किनारा नदीच घडवते

समुद्रकिनाऱ्याच्या धुपेचा प्रश्न कोकणाचा, असे देवळी तालुक्यातल्या नाचणगावात कोणी म्हटले तर नवल नाही. पण शेजारच्या पुलगावाजवळून वाहणारी वर्धा अखेर समुद्रालाच मिळते. मुलताईच्या डोंगरातून निघालेली ही नदी वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. विदर्भातला गाळ आणि रेती वाहून नेत या नद्यांनी हजारो वर्षांत गोदावरीच्या मुखाशी सुपीक त्रिभुज प्रदेश उभा केला. तो आता झिजतो आहे, आणि झिजण्याची काही कारणे थेट आपल्या नदीकाठी आहेत.

संशोधकांनी मांडलेले आकडे बोलके आहेत. 1970 ते 1979 या काळात गोदावरी वर्षाला सरासरी 15 कोटी टन गाळ समुद्रापर्यंत नेत होती. 2000 ते 2006 या काळात तो 5.7 कोटी टनांवर आला. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांचा मिळून किनारा 336 किलोमीटरचा. 1965 ते 2008 या 43 वर्षांत तिथे भर वजा जाता 76 चौरस किलोमीटर जमीन समुद्राने घेतली. जमिनीचे खचणे आणि समुद्राची वाढती पातळी यांचाही त्यात वाटा आहे. पण धरणांमागे अडलेला गाळ हे त्यातले मोठे कारण. तिथून थोडे उत्तरेला, काकीनाड्याजवळ, जामदानी साड्यांसाठी नावाजलेले उप्पाडा हे गाव आहे. तिथल्या किती तरी कुटुंबांची घरे लाटांनी नेली.

लाटा किनाऱ्याची वाळू रोजच हलवत असतात. नदीकडून नवी येत राहिली तर किनारा टिकतो. ती थांबली की समुद्र आत सरकतो. सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा, धनोडीचे निम्न वर्धा, गोदावरीवरचे मेडीगड्डा असे अडथळे वाटेत उभे राहिले. शेतकऱ्याला पाणी हवेच. ज्या भागाने कोरडवाहू शेतीचे हाल सोसले, तिथे धरणांना सरसकट विरोध करणे अन्यायाचे ठरेल. पण धरण बांधताना पाण्याचा हिशेब मांडला गेला, गाळाचा नाही. आणि धरणाखाली जी थोडी रेती उरते, तिच्यावर रात्री-बेरात्री ट्रॅक्टर आणि टिप्पर तुटून पडतात, त्याला गरजेचे नाव देता येणार नाही. रेती गेली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, विहिरींचे पाणी उतरते. पहिला फटका आपल्यालाच बसतो, किनाऱ्याला नंतर.

कोकणातही हेच दुखणे आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळात राज्याचा सुमारे 740 किलोमीटर किनारा तपासला. त्यातला चौथा हिस्सा धुपेखाली निघाला. मालवणजवळचे देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर जीव धरून आहे. रत्नागिरीच्या मिऱ्यात, पालघरच्या सातपाटीत पावसाळा आला की उधाणाच्या धास्तीने झोप उडते. यावर सरकारचे ठरलेले उत्तर म्हणजे दगडी बंधारा. बंधाऱ्यामागचे घर वाचते, हे खरे. पण त्यावर आदळणारी लाट त्याच्याच पायथ्याची वाळू उपसते आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते. पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतींनी वाळूची वाट अडवली, तेव्हा उत्तरेकडचा सगळा समुद्रकाठ नाहीसा झाला होता.

नियम नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लहान रेतीघाटांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दरवर्षी नदीत जेवढी रेती नव्याने येते, तेवढ्याच मर्यादेत उपसा व्हावा. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी रुपयांची शिफारस केली. उणीव अंमलबजावणीची आहे. प्रत्येक रेतीघाटाचे मोजमाप पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर झाले पाहिजे आणि ते ग्रामसभेपुढे वाचले गेले पाहिजे. जिथे रेती भरून आली नाही, तिथला लिलाव थांबला पाहिजे. घरकुलांसाठी दगडाच्या कृत्रिम वाळूचा पुरवठा वाढवला पाहिजे. धरणांतून गाळ पुढे सोडण्याची सोय ही पाटबंधारे खात्याची जबाबदारी ठरली पाहिजे, आणि कोकणात बंधाऱ्याआधी खारफुटी व खाडीतली वाळू जपली पाहिजे.

रेतीघाटाचा लिलाव ही केवळ महसुलाची बाब नाही. त्या रेतीवर नाचणगावच्या विहिरीचा हक्क आहे आणि गोदावरीच्या मुखाशी राहणाऱ्या मच्छीमाराचाही. घाटाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने या दोघांची आठवण ठेवावी.