जिंजीचा अभिमान आणि शेजारचं चांपानेर

मंडळी, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर अभिनंदनाचा पूर आला. आनंद मलाही झाला. पण आपल्यापासून जेमतेम ५० किलोमीटरवरचं चांपानेर-पावागड २००४ पासून त्याच यादीत आहे, त्याचं कौतुक आपल्या ग्रुपांवर कधी दिसत नाही.

पावागड म्हटलं की आपल्याला माताजीच आठवतात. आमच्या घरी चैत्रात दर्शनाला जायची रीत. आजी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. बसने पायथ्याशी, जीपने माचीला, तिथून उडनखटोला, दर्शन, की परत घर. खाली तटबंदी दिसायची. "जुनं गाव आहे," एवढंच मोठी माणसं सांगायची.

त्या जुन्या गावाची गोष्ट साधी नाही. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड जिंकला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने ती घेतली, पुढे शहर ओस पडलं आणि रान माजलं. म्हणूनच मोगलांच्या आधीचं अख्खं शहर तिथे शाबूत राहिलं. वर माताजी आणि लकुलीशाचं प्राचीन देऊळ, खाली जामी मशीद, वाडे, वावी, तळी. डोंगरावरचं पाणी अडवून, साठवून शहर जगवायची ती सगळी व्यवस्था होती. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या र. ना. मेहतांनी तिथे उत्खनन केलं. आणि मराठी धागाच हवा असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पावागड ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता!

हे बोललं की कुणीतरी म्हणतंच, "ताई, त्या मशिदी. त्यात आपलं काय?"

मग जिंजीचं बघा. यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी तो एकटा तमिळनाडूत आहे. महाराजांनी तो १६७७ मध्ये विजापूरकरांकडून घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच राज्य राखलं. आज त्याच्या पायथ्याशी राहतात ती तमिळ माणसं. त्यांनी "मराठ्यांचा किल्ला, आमचं काय?" म्हणून तिथे कचरा टाकला तर आपल्याला चालेल का? त्यांनी जो जपावा असं आपल्याला वाटतं, तो त्यांच्यासाठी परक्यांचाच. मग हाच नियम आपल्याला चांपानेरला का नको?

यादीत नाव आलं म्हणजे वास्तू वाचली असं होत नाही. पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी एका दारापाशी उभा राहील. डोंगरभर टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या कोण उचलणार? पहिल्या पावसात त्या वाहत खाली तळ्यांत जातात. ज्या व्यवस्थेसाठी जगाने या जागेला मान दिला, तीच आपल्या बाटल्यांनी तुंबते.

माझं म्हणणं एवढंच. आपली मंडळं पावागडची बस काढतात, त्यात परतताना दोन तास चांपानेरसाठी ठेवावेत. मुलांना जामी मशिदीची दगडी जाळी दाखवावी, कमळं शोधायला लावावीत. बडोद्याच्या रस्त्यावरच्या गोल वावेत डोकवावं. वर नेलेली प्रत्येक बाटली खाली आणावी. भिंतींवर नावं कोरणाऱ्याला तिथेच टोकावं, मग तो आपल्याच बसमधला का असेना.

यंदाची बस ठरवणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर खाली कळवा. चांपानेरचे दोन तास मी सांभाळते.