पडद्यामागील विद्यार्थी

स्नेहसंमेलनाचे दिवस समीप आले म्हणजे काही पालक आम्हा शिक्षकांस विचारतात, "गुरुजी, या नाटकागाण्यात मुलाचा वेळ जातो, त्यापासून लाभ तो कोणता?" प्रश्न रास्त आहे. शेतात वा पेठेत कष्ट करून जे मुलांस शिकवितात, त्यांस तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. यावर कित्येकजण गुणांकडे बोट दाखवितात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीमुळे दहावीस वाढीव गुण मिळतात, हे खरे. परंतु केवळ तेवढ्यासाठी कुंचला हाती धरणे म्हणजे भाकरी मिळाली म्हणून प्रभूच्या मागे लागलेल्या लोकसमुदायासारखे वागणे होय.

एक अनुभव सांगतो. एका विद्यार्थ्याच्या डोक्यात गुणोत्तर व प्रमाण काही केल्या शिरेना. त्याजकडे नाटकाचा पडदा रंगविण्याचे काम आले. कागदावर एक इंचाची चौकट, तीच कापडावर एक फुटाची, अशा रीतीने चित्र वाढविता वाढविता तो आपण होऊन म्हणाला, "गुरुजी, प्रमाण म्हणतात ते हेच ना?" पुढे माझ्याच आग्रहाने रंगात सरस अधिक पडला आणि पडदा गुंडाळताच रंगाचे पोपडे निघाले. चूक माझी होती व ती मी सर्वांसमक्ष कबूल केली. त्याने दोन सोबत्यांस घेऊन दोन संध्याकाळी खपून पडदा पुन्हा रंगविला. प्रयोगाच्या दिवशी टाळ्या नटांस मिळाल्या. त्याचे नावही कोणी घेतले नाही. तथापि गणित, चिकाटी आणि वडीलधाऱ्यांची चूक पोटात घालण्याचे औदार्य, इतके त्याने त्या एका पडद्यापासून मिळविले.

आपल्या कोल्हापुरास हे नवे नाही. आनंदराव व बाबूराव पेंटर या दोघा भावांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. चलच्चित्रांच्या वेडाने त्यांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आणला. पुढे त्याच दामल्यांनी फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. ज्या हातांनी पडदा रंगविला, त्यांनीच पुढे रुपेरी पडदा उभा केला.

आता आम्हा शिक्षकांचा दोषही सांगितला पाहिजे. दरवर्षी त्याच चार रूपवान व वाक्‍पटू मुलांस आम्ही पुढे करितो आणि बाकीच्यांस प्रेक्षकांत बसवितो. हा अन्याय आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौलाने शरीराचा दृष्टान्त दिला आहे. जे अवयव दुर्बळ दिसतात, तेच अधिक आवश्यक असतात, हा त्याचा भावार्थ. शाळेच्या रंगमंचासही तोच न्याय लागू आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्यास वर्षातून एकदा तरी गाणे, अभिनय, रंगकाम, वेशभूषा वा पडदा ओढणे यांपैकी एखादे काम अवश्य मिळावे. आणि प्रयोगाच्या अखेरीस पडद्यामागील नावेही मोठ्याने वाचली जावीत. पालकांनीही दहावीचे वर्ष म्हणून मुलास यातून अजिबात काढून घेऊ नये. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस राजाचे काम मिळो वा दोरी ओढण्याचे, ते वेळेवर व मनापासून करा. दोरी वेळेवर ओढली गेली नाही, तर राजासही अंधारातच उभे राहावे लागते.